सतरा हरवलेल्या फायली

मी सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या एका अडतीत दिवाणजी आहे. दिवसभर तिथे, आणि रात्री विश्रामबागेत घरी बसून आणखी दोघा व्यापाऱ्यांचं लिहिणं. दुसऱ्याच्या वहीतली चूक काढण्यात उभा जन्म गेला, त्यामुळे संगणक दुरुस्तीच्या नावाखाली फोनवर मी फसलो, हे सांगताना लाज वाटते. पण यार्डात चहाच्या वेळी विषय काढला, तेव्हा दोघे जण गप्प झाले आणि नंतर बाजूला घेऊन म्हणाले, "आमचंबी असंच झालंय दिवाणजी, घरात बोललो नाही." म्हणून लिहितोय.

मार्चअखेर होती. यार्डात राजापुरी हळदीची आवक जोरात. घरचा संगणक जुना, विंडोज १० चा, आणि गच्च भरलेला. जागा व्हावी म्हणून एका रविवारी मी नको असलेले प्रोग्राम काढायला बसलो. यादीत 'मायक्रोसॉफ्ट व्हिज्युअल सी प्लस प्लस' अशा सात-आठ ओळी होत्या, पुढे वेगवेगळी सालं. एकच वस्तू आठदा कशाला हवी, म्हणून सगळ्या उडवल्या. पहिला घोळ हा, आणि तो माझाच. रात्री शेतकऱ्यांच्या पट्ट्या, म्हणजे विकलेल्या मालाचे हिशेब, काढायचा प्रोग्राम उघडला तर संगणक सांगू लागला की एमएसव्हीसीपी१४० डीएलएल ही फाइल सापडत नाही.

तेच शब्द मोबाइलवर टाकून शोधलं. सगळ्यात वर मदतीचा १८०० चा नंबर आला. त्याच्या डोक्यावर बारीक अक्षरात 'प्रायोजित' लिहिलेलं होतं, ते माझ्या डोळ्यांना आठ दिवसांनी दिसलं.

पलीकडचा मुलगा आधी हिंदीत बोलला, माझं ऐकून स्वच्छ मराठीवर आला. "सर, तुमचा स्क्रीन मला दिसायला हवा," म्हणाला. एक अॅप घ्यायला लावलं, त्यातला आकडी नंबर विचारला, आणि माझा माउस आपोआप हलायला लागला. त्याने 'इव्हेंट व्ह्यूअर' नावाची खिडकी उघडली. लाल आणि पिवळ्या खुणांची रांगच रांग. "हे सगळे एरर बघा सर." मग म्हणाला, विंडोज १० चा सपोर्ट मायक्रोसॉफ्टने थांबवलाय, माहीत आहे ना? माहीत होतं. १४ ऑक्टोबर २०२५ ही तारीख मी पेपरात वाचली होती. शेवटी एक काळी खिडकी उघडून काहीतरी टाइप केलं, आणि फोल्डरांची नावं धबधब्यासारखी खाली धावली. थांबली तेव्हा तळाला इंग्रजीत ओळ होती: सतरा सिस्टीम फायली गायब, हॅकर आत आहे.

त्या ओळीच्या खाली लगेच संगणकाने आणखी एक ओळ छापली होती. ती मी वाचली आणि सोडून दिली. तिच्याबद्दल पुढे सांगतो.

फायली परत बसवणं आणि तीन वर्षांचं संरक्षण, मिळून ४,७९९ रुपये. यूपीआयने दिले. अर्ध्या तासात पट्ट्यांचा प्रोग्राम खरोखर चालू झाला. काम झालं म्हटल्यावर शंका कशाला येईल?

सहाव्या दिवशी त्याचाच फोन. कंपनी इथलं काम बंद करतेय, पैसे परत घ्या. पुन्हा तेच अॅप. नेटबँकिंग त्याने मलाच उघडायला लावलं. स्क्रीन मिनिटभर काळा झाला, आणि परत आला तेव्हा खात्यात ४७,९९० जमा दिसत होते. पलीकडे एकदम रडवेला आवाज. "काका, एक शून्य जास्त पडलं. माझी नोकरी जाईल हो." सहा दिवस मी 'सर' होतो, त्या क्षणी 'काका' झालो.

फरक ४३,१९१. त्याच्याआधी मी तोंडी करून सांगितला, आणि पाठवलासुद्धा. पोराची नोकरी जायला नको आणि दुसऱ्याचा पैसा आपल्या खात्यात राहायला नको, एवढंच डोक्यात. गेली कित्येक वर्षं मी व्यापाऱ्यांना बजावतोय की बँकेचा मेसेज आल्याशिवाय गाडी सोडू नका. त्या दिवशी माझ्या फोनवर जमेचा मेसेज आलाच नव्हता. फोन हातात होता.

पैसे आलेच नव्हते, आकडा नुसता स्क्रीनवर होता. संध्याकाळी मेळ बसेना, तेव्हा पुण्यातल्या भाच्याला फोन केला. तो पहिलं वाक्य बोलला, "मामा, आधी इंटरनेटची वायर काढा." दुसरं, "१९३० ला फोन लावा, आत्ता. मला नंतर." ही सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाइन. लावला. तक्रार क्रमांक मिळाला आणि पुढच्या खात्यात पोचलेल्या रकमेतले ११,००० अडवले गेले. बाकी तोवर पुढे सरकले होते. सकाळी बँकेत गेलो. तिथल्या मॅडमनी शांतपणे सांगितलं की रिझर्व्ह बँकेचा जुलै २०१७ चा नियम आहे, बँकेची किंवा ग्राहकाची चूक नसताना तिसऱ्याने पैसे काढले आणि तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर ग्राहकाला तोशीस नाही. पण मी पाठवले होते स्वतःच्या हाताने, स्वतःचा पिन टाकून. कळवण्याआधीचं नुकसान माझं.

शनिवारी भाचा आला. नेट न जोडता त्याने काळी खिडकी प्रशासक म्हणून उघडली आणि एसएफसी स्कॅननाऊ हा हुकूम दिला. विंडोज स्वतःच्या फायली तपासतं, मोडलेल्या असल्या तर आपल्या साठ्यातून बदलतं. साठाच खराब असेल तर आधी डीआयएसएम नावाचा हुकूम चालवायचा. दोन्ही विंडोजमध्येच असतात, फुकट. निकाल आला: गडबड काही नाही. सतरातली एकही फाइल हरवलेली नव्हती.

आणि एमएसव्हीसीपी१४०? ती विंडोजची फाइलच नाही. मी उडवलेल्या त्या ओळींमधली एक. मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून व्हिज्युअल सी प्लस प्लसचा संच पुन्हा बसवला की परत येते, ३२ बिट आणि ६४ बिट असे दोन्ही घ्यायचे. त्या पोराने तेवढंच केलं होतं. सुट्या डीएलएल फायली देणाऱ्या साइटींवर मात्र जायचं नाही, असं भाच्याने दोनदा बजावलं. तिथून काय चिकटून येईल सांगता येत नाही.

मग त्याने माझ्यासमोर सगळा खेळ पुन्हा केला. इव्हेंट व्ह्यूअर त्याच्या नव्या लॅपटॉपवर उघडला, तिथेही लाल-पिवळं. चांगल्या चालणाऱ्या संगणकातही त्या नोंदी असतातच. काळ्या खिडकीत 'ट्री' लिहिलं, धबधबा सुरू. ती फक्त फोल्डरांची यादी. ती धावत असताना त्याने खाली टाइप केलं, 'मामाला भूक लागली आहे', इंग्रजीत, आणि एंटर दाबला. यादी थांबली, तळाला ते वाक्य, आणि त्याखाली तीच ओळ जी मी त्या रात्री वाचून सोडून दिली होती. असा कुठला हुकूम मला माहीत नाही, असं विंडोज म्हणत होतं. म्हणजे सतरा फायलींचं वाक्य त्या पोराने टाइप केलं होतं, आणि माझा संगणक तेव्हाच सांगत होता की हे काय बोलतोय मला कळत नाही.

त्याने दाखवलेल्या लाल खुणा खऱ्या, सपोर्टची तारीख खरी, यादी खरी. त्या रात्री खोटं होतं ते त्या एका ओळीत आणि त्याच्या जिभेवर.

भाच्याने हिशेब पेनड्राइव्हवर घेतले, संगणक कोरा करून पुन्हा भरला, आणि सगळे पासवर्ड माझ्या फोनवरून बदलायला लावले. अडवलेले ११,००० अजून सुटलेले नाहीत. घरच्या वहीत मी ते उचंती खात्याला, म्हणजे निकाल लागेपर्यंतच्या तात्पुरत्या खात्याला, टाकलेत. बाकीचे कुठल्या नावे लिहू, हे बायकोला विचारलं. "तुमच्या," म्हणाली.