बादलीतलं विसर्जन: अमोनियम बायकार्बोनेट कितपत कामाचं?

पीओपीची, म्हणजे प्लास्टर ऑफ पॅरिसची गणेशमूर्ती घरच्या घरी विरघळवण्यासाठी अमोनियम बायकार्बोनेटची जी पांढरी पावडर मिळते, ती काम करते. ही पद्धत पुण्यातल्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने (एनसीएल) विकसित केली आणि पुणे महापालिकेने क्षेत्रीय कार्यालयांतून पावडर मोफत वाटली. त्यामुळे रसायनाबद्दल शंका घ्यायचं कारण नाही. गफलत होते ती प्रमाणात, भांड्यात आणि उरलेल्या पाण्याच्या बाबतीत. माणसं बादलीपाशी का अडखळतात, हा प्रश्न तर रसायनाचा नाहीच.

आधी प्रमाण. मूर्तीतलं घट्ट झालेलं पीओपी म्हणजे जिप्सम, अर्थात कॅल्शियम सल्फेट. बायकार्बोनेटशी त्याची क्रिया झाली की खाली चुनखडीचा पांढरा गाळ बसतो, पाण्यात अमोनियम सल्फेट उरतं आणि कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे निघतात. एक किलो जिप्समला हिशेबाने ९२० ग्रॅम पावडर पुरते, म्हणून मूर्तीइतक्याच वजनाची पावडर घ्यायची. मूर्ती उंचीवरून मोजू नका, काट्यावर ठेवा. पीओपीच्या मूर्ती आतून पोकळ असतात, एक फुटाच्या दोन मूर्तींच्या वजनात बराच फरक पडतो. पाणी दर किलो पावडरीला पाच लिटर. एका लिटरमध्ये साधारण २०० ग्रॅमच पावडर विरघळते. पाणी कमी घातलं तर पावडर तळाशी बसून राहते आणि मग लोक म्हणतात, माल खराब होता.

पाणी साधंच घ्या. ऊन पाण्यात पावडर लवकर विरघळेल हा तर्क इथे उलटतो. चाळीस अंशांच्या आसपास ती फुटू लागते, अमोनिया हवेत जातो, घरभर वास सुटतो आणि मूर्तीसाठी काही उरत नाही. पाकीट उघडं ठेवलं तरी थोडंफार हेच होतं. भांडं प्लास्टिकचं हवं. देवाचं काम म्हणून तांब्याचं घंगाळ काढाल, तर अमोनिया तांब्याला खातो आणि पाणी निळं होतं. बादली गॅलरीत ठेवावी, बंद न्हाणीघरात नको. वर फडकं टाकावं, घट्ट झाकण लावू नये. शेवटी बादली धुताना त्यात ब्लीच चुकूनही ओतू नये, अमोनियाशी मिळून विषारी वायू तयार होतो.

दर दोन-तीन तासांनी ढवळणं हा या कामाचा कणा आहे. क्रियेत तयार होणारी चुनखडी मूर्तीवरच साय धरते आणि पावडर आत पोचत नाही. ढवळलं की ती साय सुटते. ऑइलपेंटचा किंवा चकाकीचा जाड थर असेल तर तोही असाच आड येतो, म्हणून मूर्तीची मागची, कमी रंगवलेली बाजू पाण्यात खाली राहील असं ठेवा. सगळीकडे ४८ तास सांगितले जातात. जाड रंग असेल तर तीन-चार दिवस धरा. काथ्या, खडे आणि रंगाचे पापुद्रे विरघळत नाहीत, ते गाळून कचऱ्यात. शाडूच्या मूर्तीला ही पावडर लागतच नाही, साधं पाणी बस. मूर्ती कशाची आहे कळत नसेल, तर तळाच्या न रंगवलेल्या भागावर पाण्याचे थेंब टाका. शाडू मऊ पडते.

आता खत. या पद्धतीचं सगळ्यात जास्त कौतुक इथेच होतं आणि सगळ्यात कमी विचारही इथेच. दोन किलोची मूर्ती, दोन किलो पावडर, दहा लिटर पाणी: शेवटी त्या पाण्यात सुमारे दीड किलो अमोनियम सल्फेट असतं, म्हणजे लिटरला १५० ग्रॅम. हे तसंच कुंडीत ओतलं तर तुळस जळेल. शंभरपट पातळ करायला हवं, म्हणजे दहा लिटरचे हजार लिटर. दोन खोल्यांच्या घरात हे करणार कोण? मग बादली मोरीत रिकामी होते आणि पावडरीतला नत्र गटारातून नदीतच जातो. सोसायटीची बाग मोठी असेल, किंवा एखादा शेतकरी कॅन भरून न्यायला तयार असेल, तरच खताचा दावा खरा. मूर्तीला भडक रंग असतील तर भाजीपाल्याला हे पाणी अजिबात नको, रंगांत जड धातू असू शकतात. तळाची चुनखडी धुऊन वाळवून ठेवता येते, ती निरुपद्रवी आहे.

इतकं सगळं नीट केलं तरी पुष्कळ घरांत ही बादली दुसऱ्या वर्षी निघत नाही. धर्मशास्त्राची आडकाठी म्हणावी तर तीही नाही. उत्तरपूजेत अक्षता टाकून ‘यान्तु देवगणाः सर्वे’ म्हटलं आणि मूर्ती जागची हलवली की देवत्व निघून गेलं, उरली ती माती. विधीच्या दृष्टीने विसर्जन तिथेच झालं. पण धर्म माणसं पोथीतून कमी आणि कृतीतून जास्त जगतात. नदी मूर्तीला क्षणात दृष्टीआड करते. बादलीत ती दोन दिवस समोर राहते, हळूहळू झिजत, आणि घरातल्याच कुणाला तरी काठीने ढवळावं लागतं. पवित्र वस्तू रोजच्या वस्तूंपासून वेगळी राखणं हे फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमिल दुर्खीमने १९१२ मध्ये धर्माचं मूळ लक्षण मानलं. कपडे भिजवायची बादली ते लक्षण पुसून टाकते. यावर साधा इलाज आहे: नवा टब, त्यावर स्वच्छ कापड, आणि ढवळायचं काम लहान मुलांवर न टाकणं. माहितीपत्रकांनी हे सांगायला हवं होतं.

दुसरी गोष्ट गर्दीची. टिळकांनी १८९३ पासून घरातला गणपती चौकात आणला. पावडर त्याला घाटावरून परत गॅलरीत नेते. ढोल, ‘पुढच्या वर्षी लवकर या’ची आरोळी, घाटावर शेजाऱ्यापाजाऱ्यांची होणारी गाठ, हे पाकिटात येत नाही. म्हणूनच फ्लॅटमधल्या एकेकट्या बादलीपेक्षा सोसायटीच्या आवारातला एकच मोठा टब जास्त टिकतो. आरती एकत्र होते, ढवळायच्या पाळ्या लागतात आणि हजार लिटर पाण्यालाही बाग मिळते.

धर्म ओसरत चालला की वाढतो आहे, या जुन्या वादात या बादलीला धरून काही म्हणायचंच तर एवढं: श्रद्धा तिथेच आहे, परवानगी देणारा बदलला. विसर्जन कुठे आणि कसं, हे आता महापालिका, प्रदूषण मंडळ आणि उच्च न्यायालय ठरवतं. जून २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने पीओपी मूर्ती घडवायला आणि विकायला मोकळीक दिली, नैसर्गिक पाण्यात सोडायला मात्र नाही. पुढे जुलैमध्ये सहा फुटांपर्यंतच्या मूर्ती कृत्रिम तलावातच सोडायचा आदेश आला. गुरुजींना यात कुणी विचारलं नाही, आणि त्यांचंही फारसं काही अडलं नाही.

हौद आणि मूर्ती-संकलन केंद्रं हा दुसरा पर्याय वेळ वाचवतो. पण तिथे हौदातून मूर्ती बाहेर काढायचं, ट्रकमध्ये रचायचं, निर्माल्याचा चिखल उपसायचं काम कंत्राटी कामगार करतात. भाविकाच्या नजरेआड जे होतं ते त्यांच्या हातून होतं. बादलीचा एक खरा गुण इथे मान्य करावा लागतो: आपल्या मूर्तीचं पुढे काय झालं ते पाहण्याचं आणि निस्तरण्याचं काम ती आपल्याकडेच ठेवते.

विकत घ्यायचीच झाली तर ‘अमोनियम बायकार्बोनेट’ हे नाव पाहून घ्या. खाण्याचा सोडा, म्हणजे सोडियम बायकार्बोनेट, ही वेगळी वस्तू आहे. मूर्ती दोन किलोपर्यंत असेल तर घरी करा. चार-पाच किलोच्या पुढे पाणी, वास आणि वेळ तिन्ही आवाक्याबाहेर जातात, ती सरळ हौदावर न्या. आणि अजून मूर्ती ठरवायची असेल तर न भाजलेली, कमी रंगाची शाडूची घ्या, म्हणजे पावडरीचा खर्चही नाही आणि शंभरपट पाण्याचा हिशेबही नाही.