आम्लाचं की आयोडीनचं? सोलापूरच्या पाण्यातलं नो-रिन्स सॅनिटायझर

कोम्बुचा, म्हणजे आंबवलेला चहा, बाटल्यांत भरायची वेळ आली की नो-रिन्स, म्हणजे लावल्यावर पुन्हा धुवावं न लागणाऱ्या सॅनिटायझरचे दोन प्रकार समोर येतात. एक फॉस्फोरिक आम्लाचं, भरपूर फेस देणारं. दुसरं आयोडीनचं, म्हणजे आयोडोफोर. घरी बिअर करणाऱ्यांमध्ये दोन्ही रुळलेली आहेत. महाराष्ट्रात परवान्याशिवाय बिअर करणं 1949च्या दारूबंदी कायद्याने गुन्हा आहे, म्हणून माझा अनुभव कोम्बुचाचा. पण बाटली ती बाटलीच, जिथे परवानगी आहे तिथल्या बिअरवाल्यांनाही यातलं बहुतेक सगळं लागू पडेल. ब्लीच मी विचारातच घेत नाही, कारण त्यानंतर बाटल्या नीट धुवाव्याच लागतात आणि आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नाही.

आम्लाचं सॅनिटायझर काम चोख करतं. लिटरला साधारण 1.6 मिली घालायचं, एक-दोन मिनिटं पृष्ठभाग ओला राहू द्यायचा, बाटली उलटी करून निथळू द्यायची. फेस उरला तरी त्यावरच पेय भरायचं. पहिल्यांदा हे जिवावर येतं, पण त्या पातळ प्रमाणात तो फेस पेयाची चवही बिघडवत नाही आणि अपायही करत नाही. वास नाही, डाग नाही. बाटलीच्या गळ्यातल्या कोपऱ्यात, झाकणाच्या रबराखाली फेस आपला आपण पोहोचतो. शुद्ध पाण्यात कालवून फवाऱ्याच्या बाटलीत ठेवलं तर कित्येक आठवडे टिकतं. मूळ द्रावण मात्र जपून हाताळायचं, हातमोजे आणि चष्मा घालूनच. शहाबादी फरशीवर थेंब पडला तर लगेच पुसा. शहाबादी म्हणजे चुनखडीच, आम्लाने तिची चकाकी जाते.

अडचण पाण्याची आहे. हे सॅनिटायझर खरं काम करतं ते द्रावणाचा पीएच, म्हणजे आम्लतेचा आकडा (जितका कमी तितकं आम्ल जास्त), 3च्या खाली असेपर्यंत. जुळे सोलापूर काय किंवा विजापूर रोड काय, बऱ्याच सोसायट्यांत वापरायला बोअरचं पाणी असतं, आणि त्यातल्या क्षारांची ओळख बादलीच्या कडेला बसलेल्या पांढऱ्या थरावरून सगळ्यांनाच आहे. त्या पाण्यात हे द्रावण कालवलं की थोड्याच वेळात ताकासारखं पांढुरकं होतं. गढूळ झालं म्हणजे निकामी झालंच, असं नाही. पण ते अजून चालतंय की नाही, हे डोळ्यांना कळत नाही. मग दर वेळी पीएचची पट्टी बुडवा, रंग ताडून बघा, मनात शंका ठेवून बाटल्या भरा. उपाय सगळे एकच सांगतात: आरओचं पाणी घ्या. आता घरचा आरओ लिटरभर पाणी देताना त्याहून जास्त मोरीत सोडतो. बाटल्या बुडवायला बादलीभर द्रावण लागणार, म्हणजे बादलीभर आरओचं पाणी, आणि त्यापायी वाया जाणारं वेगळं. बाटल्या धुण्याचं पाणी वाचावं म्हणून जी वस्तू आणायची, तिच्यासाठीच पाणी सांडायचं, हे मला पटेना. विकतचा जार आणता येतो, आणतातही लोक. पण उजनी धरणाचं पाणी कधी सुटणार याच्याकडे घराघरांतून डोळे लागलेले असताना बाटल्या बुडवायला जार फोडणं मला जड जातं.

आयोडोफोर हे लाड मागत नाही. बोअरच्या पाण्यातही ते बऱ्यापैकी निभावून नेतं, आणि मुख्य म्हणजे स्वतःची स्थिती रंगाने सांगतं. फिकट चहासारखा रंग आहे तोवर आयोडीन शिल्लक आहे; रंग उडाला की द्रावण संपलं. 1.75 टक्के आयोडीनच्या द्रावणाचं दहा लिटर पाण्याला साधारण 7 मिली प्रमाण पडतं, म्हणजे सुमारे 12.5 पीपीएम (दहा लाख भागांत साडेबारा भाग आयोडीन). सिरिंजने मोजा, अंदाजाने ओतू नका. बाटलीवरची टक्केवारी वेगळी असेल तर प्रमाणही बदलतं. जास्त घातलं तर जास्त सुरक्षित, असं इथे अजिबात नाही: 25 पीपीएमच्या वर गेलात की धुवावं लागतं. पाणी गारच हवं, कारण उष्णतेने आयोडीन उडून जातं. आपल्या मे महिन्यात दुपारी गच्चीवरच्या टाकीचं पाणी हातावर घेववत नाही, तेव्हा हे काम पहाटेच उरकलेलं बरं. द्रावण रोज ताजं करावं लागतं, हा त्याचा तोटा मान्य. सिलिकॉनच्या नळ्या तपकिरी होतात, पांढऱ्या प्लास्टिकवर डाग राहतात, ओट्यावर सांडलं तर बायको विचारते. माझ्या नळ्या आता कायमच्या त्याच रंगाच्या आहेत, त्याने पेयात मला फरक जाणवलेला नाही. औषधाच्या दुकानातलं जखमेचं आयोडीन मात्र यासाठी घेऊ नका, खाद्यपदार्थांच्या भांड्यांसाठी बनवलेलंच घ्या.

कुठलंही घेतलं तरी आधी बाटली घासून स्वच्छ हवी. आत चिकटलेल्या साक्यावर सॅनिटायझर वाया जातं. निथळलेली बाटली पुन्हा नळाखाली धरायची नाही, नाहीतर केलेलं सगळं फुकट. आम्लाचं द्रावण आणि ब्लीच चुकूनही एकत्र येऊ देऊ नका, त्यातून क्लोरीन वायू सुटतो. पाण्याच्या रिकाम्या बाटलीत यातलं काहीच साठवायचं नाही, घरात मुलं असतील तर मुळीच नाही. आणि ज्या बरणीत स्कोबी, म्हणजे चहा आंबवणारा यीस्ट-जिवाणूंचा थर, वाढतो तिला मी दोन्हीपैकी एकही लावत नाही. गरम पाणी आणि नंतर थोडं व्हिनेगर तिला पुरतं. सॅनिटायझर बाटल्या, झाकणं, नरसाळं आणि नळीपुरतंच.

चार-सहा बाटल्या भरणाऱ्याने, ज्याच्या घरी आरओ आहे आणि फवाऱ्याने काम भागतं, त्याने आम्लाचं जरूर घ्यावं; त्याला त्यात सुखच मिळेल. घरात कोणाला आयोडीन सोसत नसेल किंवा थायरॉइडचे उपचार चालू असतील, तरीही मी तेच सुचवेन. पण बादलीत बाटल्या बुडवून काम करणार असाल आणि पाणी बोअरचं असेल, तर माझं मत आयोडोफोरकडे झुकतं. सुरुवातीला लहानच बाटली आणा, उघडल्याची तारीख तिच्यावर लिहा आणि उन्हापासून लांब, ओट्याखालच्या कपाटात मुलांचा हात पोहोचणार नाही अशी कुलपात ठेवा.