चालायचे कोणी? तीन रोगलाइक खेळांतील आपोआप शोधाची तुलना

रोगलाइक, म्हणजे भुयारात हिंडून राक्षसांशी लढण्याच्या संगणकीय खेळांच्या प्रकारातला पहिला खेळ निवडताना लोक बहुधा चित्रे किंवा अवघडपणा पाहतात. माझ्या मते त्याआधी, भुयार हिंडण्याचे काम खेळ स्वतःकडे किती घेतो आणि ते करताना आपल्या पात्राला कोठे नेऊन उभे करतो, हे पाहायला हवे. कारण येथे पात्र मेले की डाव संपतो आणि मागच्या टप्प्यावरून पुन्हा सुरुवात करण्याची सोय नसते. नेटहॅक (1987), डंजन क्रॉल स्टोन सूप (2006) आणि ब्रोग (2009) हे तिन्ही खेळ विनामूल्य मिळतात, त्यामुळे निवड पैशांवर अडत नाही, सवयीवर अडते.

स्टोन सूपमध्ये ‘ओ’ ही कळ दाबली की पात्र न पाहिलेल्या भागाकडे आपणहून चालू लागते, वाटेतल्या कामाच्या वस्तू उचलते, ठाऊक असलेले सापळे टाळते आणि एखादा शत्रू दृष्टीस पडताच थांबते. तो समोर असेपर्यंत ‘ओ’ कितीही वेळा दाबली तरी पात्र जागचे हलत नाही. ज्या कामात खरा निर्णय नाही ते खेळाडूकडून करवून घेऊ नये, ही कर्त्यांची भूमिका खेळासोबतच्या पुस्तिकेतच मांडलेली आहे आणि मला ती पटते. मात्र ‘ओ’ थांबते ती शत्रू दिसल्यावर. त्या क्षणी आपण कोठे उभे आहोत, याचा विचार ती करत नाही. हाताने चालणारा जाणता खेळाडू दालनाच्या दारातच क्षणभर थबकतो, कारण तेथून बोळात मागे सरकले तर टोळीने येणाऱ्या कोल्ह्यांना एकेक करूनच पुढे यावे लागते. ‘ओ’ला दालनाच्या मधोमध पडलेली मंत्राची गुंडाळी दिसली की ती सरळ तिकडे धाव घेते, आणि मग समोरच्या दारातून धनुर्धारी सेंटॉर (अर्धा माणूस, अर्धा घोडा) आत आला तर आडोशाला खांबसुद्धा नसतो.

दुसरा धोका बोटांचा आहे, आणि माझ्या लेखी तोच मोठा. याच खेळात ‘टॅब’ कळ जवळच्या शत्रूवर आपोआप चाल करते, त्यामुळे तासाभरात डाव्या हाताला ‘टॅब’ची आणि उजव्या हाताला ‘ओ’ची लय लागते आणि डोळे पडद्याच्या खालच्या ओळी वाचणे सोडून देतात. माझे एक मिनोटॉर, म्हणजे बैलाच्या डोक्याच्या वंशातले पात्र, चौथ्या मजल्यावर असेच गेले. ‘ओगर (धिप्पाड राक्षस) दिसला’ अशा अर्थाची ओळ खाली उमटली होती, त्याच्या हातात भलामोठा सोटा असल्याचेही लिहिले होते, आणि मी ती ओळ वाचली ती डाव संपल्यानंतर. प्रकृती फार खालावली तर ‘टॅब’ चालेनाशी होते खरी, पण दोनच तडाख्यांत जीव घेणाऱ्यापुढे या राखणदारीचा उपयोग नसतो. यावर खरा उतारा सेटिंगच्या फाइलमध्ये आहे: ठरावीक शत्रूचे नाव संदेशात आले की खेळाडूने मुद्दाम कळ दाबून होकार दिल्याशिवाय खेळ पुढे सरकू नये, अशी अट तेथे घालता येते. पहिल्याच दिवशी ओगरसाठी ही अट घालावी, असे मी आग्रहाने सांगेन.

ब्रोगमध्ये हेच काम ‘एक्स’ कळ करते. तेथे शत्रू मारून अनुभवाचे गुण मिळत नाहीत, त्यामुळे लढाई टाळण्यात तोटा नसतो आणि ‘दिसला की मारा’ ही बोटांची लय मुळात धरली जात नाही. नवख्याला ब्रोग सुचवण्याचे माझे मुख्य कारण हेच. धोका येथेही आहेच. खोल पाण्यातला ईल, म्हणजे सापासारखा मासा, बुडी मारून असतो, तेव्हा तो दिसत नाही आणि न दिसणाऱ्यासाठी कोणतीच कळ थांबत नाही. तो एका दंशात तीन ते सात जीवनगुण तोडतो आणि आपल्याजवळ सुरुवातीला चाळीसच असतात. म्हणून डोह दिसला की ‘एक्स’ सोडून काठापासून दूर, हाताने चालावे. पण ब्रोगमध्ये आपोआप हिंडण्याचे खरे नुकसान मरणात नसून हुकण्यात आहे. साखळदंडातल्या कैद्याला सोडवून साथीदार करायचे की नाही, कोठडीतल्या अनेक वस्तूंपैकी कोणती एक घ्यायची, ‘एस’ पाच वेळा दाबून भिंतीतले गुप्त दार शोधायचे की नाही, हे ‘एक्स’ ठरवत नाही, आणि सव्वीस मजल्यांचा हा प्रवास बव्हंशी अशाच निर्णयांवर तरतो.

नेटहॅकमध्ये अशी कळच नाही. अधोरेखेची कळ दाबून जिना दाखवला तर पात्र ठाऊक वाटेने तेथवर जाते, एवढीच सवलत. म्हणून तो अधिक सुरक्षित, असा समज करून घेऊ नये. बाणाची कळ दाबून धरत चालणाऱ्याच्या वाटेत तरंगता डोळा, म्हणजे पडद्यावरचे निळे ‘ई’ अक्षर, आले तर पुढचे पाऊल हाच हल्ला ठरतो, आणि त्या डोळ्यावर हातघाईने वार करणारा लुळा पडून बराच काळ कोणाचेही भक्ष्य होतो. वस्तू आपोआप उचलण्याची सोय चालू असेल तर आणखी एक फटका बसतो. राक्षसांना धाक घालणारी गुंडाळी जमिनीवर ठेवून तिच्यावर उभे राहिले की बहुतेक शत्रू हातघाईला येत नाहीत. पण ती एकदा उचलून खाली ठेवलेली असेल आणि आपण दोन पावले जाऊन परत तिच्यावर आलो, तर खेळ ती आपणहून पुन्हा उचलतो आणि तिची धूळ होते. ती सोय पैशांपुरतीच ठेवावी.

ज्याच्याकडे रात्री जेमतेम अर्धा तास असतो आणि ज्याला मजल्यामागून मजला पाहायचा आहे, त्याने ब्रोग घ्यावा. ज्याला वंश, देव आणि मंत्र यांची रेलचेल हवी, त्याने स्टोन सूप घ्यावे, ‘ओ’ निःशंक वापरावी, पण पहिले पाचदहा डाव ‘टॅब’ला हात लावू नये. नेटहॅक त्याने घ्यावा, ज्याला कोपरा न् कोपरा स्वतः चालून पाहण्यातच रस आहे आणि भिंतीशी उभे राहून वीस-वीस चाली दार शोधण्याचा कंटाळा नाही. मला तो तिसऱ्या मजल्यावरच येतो.