बेंटनविलला राहून स्टेटस टिकवायचं तर कुणाचं? अमेरिकन, युनायटेड की डेल्टा

न्यू जर्सी नाहीतर शिकागो सोडून वॉलमार्टच्या कामासाठी अरकान्सासमधल्या बेंटनविलला आलेल्या आपल्या लोकांचा एक प्रश्न ठरलेला असतो: तिकडे असताना युनायटेडचं गोल्ड स्टेटस, म्हणजे एकाच एअरलाइनने बरंच फिरल्यावर वर्षभरासाठी मिळणारा वरचा दर्जा, आपोआप व्हायचं, आता इथून ते टिकवत बसायचं की एअरलाइनच बदलायची? कारण इथला एअरपोर्ट, एक्सएनए, कुणाचाच हब, म्हणजे एअरलाइनचा मुख्य अड्डा, नाही. अमेरिकन डॅलस, शिकागो, शार्लटला नेते, युनायटेड शिकागो, डेन्व्हर, ह्यूस्टनला आणि डेल्टा मुख्यतः अटलांटाला. म्हणजे कुठेही जा, एक कनेक्शन बहुतेक ठरलेलं, आणि मुंबईला जायचं तर सहसा दोन. मी हे बेंटनविल धरून लिहितोय, पण डी मॉइन किंवा पिट्सबर्गला राहणाऱ्यांनाही यातलं बरंचसं गणित जसंच्या तसं लागू होईल.

आधी स्टेटस हवंय कशाला ते ठरवा. हबपासून लांब राहणाऱ्याला स्टेटसचा खरा फायदा अपग्रेडमध्ये नाही आणि लाउंजमध्ये तर नाहीच, तो आहे कनेक्शन हुकल्यावर, हे माझं ठाम मत आहे. मे महिन्यात डॅलसला संध्याकाळी वादळ येतं, विजा चमकायला लागल्या की रॅम्प, म्हणजे विमानाशेजारचं सगळं काम, बंद करतात, विमानं जागच्या जागी उभी राहतात आणि तुमचं एक्सएनएचं शेवटचं विमान निघून जातं नाहीतर कॅन्सल होतं. दुसऱ्या दिवशी सकाळचं विमान आधीच भरलेलं असतं. मग गेटवरच्या स्क्रीनवर स्टँडबायची, म्हणजे रिकाम्या सीटची वाट बघणाऱ्यांची, यादी येते, आडनावाची पहिली तीन अक्षरं आणि नावाचं एक, म्हणजे कुणी जोशी असेल तर ‘जेओएस’ आणि पुढे एक अक्षर, आणि त्या यादीत वरखाली कोण हे मुख्यतः स्टेटसवर ठरतं. डॅलसमध्येच राहणारा माणूस अशा रात्री टॅक्सी करून घरी जाऊन झोपतो, आपल्याला हॉटेल शोधावं लागतं. म्हणून एलिट, म्हणजे स्टेटस असलेल्या, लोकांची वेगळी फोन लाइन आणि स्टँडबायवरचा वरचा नंबर या दोन गोष्टींची किंमत आपल्यासाठी हबवाल्यापेक्षा कितीतरी जास्त आहे, आणि निवड करताना मी सगळ्यात जास्त वजन यालाच देईन.

अपग्रेडचं म्हणाल तर एक्सएनएहून सुटणाऱ्या पहिल्या टप्प्यावर वरचे एलिट तुलनेने कमी असतात त्यामुळे तिथे चान्स बरा, पण विमान बघून घ्या. सीआरजे-२०० आलं तर पन्नास सीट आणि फर्स्ट क्लासच नाही, शिवाय केबिन बॅग दारातच काढून द्यावी लागते. ई-१७५ असेल तर १२ फर्स्टच्या सीट असतात. युनायटेडकडे सीआरजे-५५० नावाचं एक विमान आहे, त्यात सीट पन्नासच पण दहा फर्स्टच्या आणि बॅगा ठेवायला मोठी कपाटं, ते मिळालं तर छानच.

आता युनायटेड. २०२५ च्या नियमांप्रमाणे गोल्डसाठी ३० सेगमेंट (एक उड्डाण म्हणजे एक सेगमेंट) आणि १०,००० पीक्यूपी लागतात, किंवा सेगमेंट न मोजता नुसते १२,००० पीक्यूपी. पीक्यूपी म्हणजे साधारण टॅक्स सोडून तिकिटाचा एक डॉलर. इथे लांब राहण्याचा एक सरळ फायदा आहे: नेवार्कवाल्याला शिकागोला जाऊन यायला दोन सेगमेंट मिळतात, आपल्याला कनेक्शनमुळे एका फेरीत चार. आठ फेऱ्यांत तीसचा आकडा पार. पण डॉलर काही तसे दुप्पट होत नाहीत, त्या आठ फेऱ्यांत १०,००० भरायचे म्हणजे दर फेरीला टॅक्स सोडून १,२५० डॉलरचं तिकीट पाहिजे, आणि ते स्वतःच्या खिशातून इकॉनॉमीने फिरणाऱ्याचं होत नाही, कंपनी आयत्या वेळी महाग तिकिटं काढून पाठवत असेल त्याचंच होतं. क्लायंटकडे दर पंधरवड्याला जाणाऱ्या कन्सल्टंटने मात्र युनायटेड बिनधास्त ठेवावं, त्याचे तीस सेगमेंट सहज भरतात, म्हणजे १२,००० ऐवजी १०,००० पीक्यूपीवर काम होतं. वर्षात किमान चार सेगमेंट युनायटेडवरच हवेत ही अट आहे, पण ती आपल्याला कळणारसुद्धा नाही.

अमेरिकनची रचना वेगळी आहे आणि मला वाटतं कुटुंबवाल्यांसाठी तीच जास्त कामाची. प्लॅटिनमला ७५,००० लॉयल्टी पॉइंट लागतात. स्टेटस नसलेल्याला डॉलरला पाच पॉइंट, गोल्डला सात, प्लॅटिनमला आठ. म्हणजे शून्यापासून नुसत्या प्रवासावर चढायचं तर जवळपास १३,००० डॉलर लागतात, पण एकदा प्लॅटिनम झालं की तेच टिकवायला ९,३७५ पुरतात. मिळवणं महाग आणि टिकवणं त्यामानाने स्वस्त, असा हा प्रोग्राम आहे. युनायटेडच्या पीक्यूपीला असा बोनस नाही, तिथे दर वर्षी पुन्हा तेवढेच डॉलर. शिवाय अमेरिकनच्या क्रेडिट कार्डावर खर्च केलेल्या प्रत्येक डॉलरला एक लॉयल्टी पॉइंट मिळतो. घरचा २०,००० डॉलरचा खर्च त्या कार्डावर गेला तर प्रवासातून फक्त ५५,००० काढायचे, म्हणजे प्लॅटिनमवाल्याला ६,८७५ डॉलर. अर्थात फुकट काही नाही, तोच खर्च दोन टक्के कॅशबॅकच्या कार्डावर केला असता तर ४०० डॉलर हातात आले असते, तेव्हा ते ४०० तुम्ही स्टेटससाठी मोजताय हे धरून चाला.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या कारण नवीन लोक नेमके याच्यातच फसतात. भारताच्या ट्रिपला नवरा-बायको आणि दोन मुलं अशी चार तिकिटं काढली तरी ती चारही एकाच्या खात्यात जमा होत नाहीत, ज्याचं तिकीट त्याचेच पॉइंट. युनायटेडवर म्हणून कुटुंबाचा मोठा खर्च स्टेटसच्या दृष्टीने चार तुकड्यांत विखुरला जातो. अमेरिकनच्या कार्डावर ती चारही तिकिटं घेतली तर निदान कार्डाचे पॉइंट तरी एकाकडे येतात.

आणि डिसेंबर! आपण बहुतेक सगळे ख्रिसमसच्या सुट्टीला जोडून भारतात जातो, वीस डिसेंबरला निघायचं आणि जानेवारीच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात परत. युनायटेड आणि डेल्टाचं वर्ष कॅलेंडरचं, त्यामुळे जातानाचे पॉइंट या वर्षात आणि येतानाचे पुढच्या वर्षात, वर्षातली सगळ्यात महाग ट्रिप बरोबर मधून कापली जाते. अमेरिकनचं वर्ष १ मार्चला सुरू होतं आणि फेब्रुवारीच्या शेवटी संपतं, म्हणून अख्खी ट्रिप एकाच वर्षात बसते, आणि काही कमी पडलंच तर परत आल्यावर महिना-दीड महिना हातात असतो.

डेल्टाबद्दल थोडक्यात. २०२४ पासून तिथे फक्त खर्च मोजतात, गोल्डला १०,००० एमक्यूडी (डेल्टाच्या हिशोबातले खर्चाचे डॉलर), सेगमेंटचा काही उपयोग नाही, म्हणजे हबपासून लांब राहून कनेक्शनचा त्रास तुम्ही सोसायचा आणि हिशोबात त्याचं शून्य. डेल्टाचं प्लॅटिनम किंवा रिझर्व्ह क्रेडिट कार्ड घेतलं की वर्षाच्या सुरुवातीला २,५०० एमक्यूडी आयते मिळतात हे चांगलं, पण ऑफिसचं काम अटलांटाकडे नसेल तर एक्सएनएहून डेल्टा मी सुचवणार नाही.

भारताच्या बाजूने बघितलं तर युनायटेडचं गोल्ड म्हणजे स्टार अलायन्स या एअरलाइनच्या गटाचं गोल्ड, म्हणजे लुफ्तान्झाने फ्रँकफर्टमार्गे किंवा एअर इंडियाने मुंबईला जाताना एक बॅग जास्त. येताना आईने भरून दिलेली भाजणी, मेतकूट, लोणच्याच्या बरण्या यांचं वजन ज्यांनी केलंय त्यांना २३ किलोची ती बॅग काय असते हे वेगळं सांगायला नको. अमेरिकनचं प्लॅटिनम वनवर्ल्ड या दुसऱ्या गटाचं सफायर होतं, ते ब्रिटिश एअरवेज आणि कतार एअरवेजवर चालतं. ज्यांचं गाव विदर्भात आहे त्यांना तर कतारचा खासच फायदा, दोहाहून थेट नागपूर, मुंबईला उतरून पुन्हा विमान बदलायची भानगड नाही. गोव्याचंही तसंच, कतार आता मोपाच्या नव्या विमानतळावर उतरते.

यावरून काही जण विचारतात की मग स्टेटस कतारचंच का करू नये? विचार करण्यासारखं आहे. कतारच्या प्रिव्हिलेज क्लबचं गोल्ड ३०० क्यूपॉइंटला (त्यांचे स्टेटसचे पॉइंट) मिळतं आणि २७० ला टिकतं, अट एवढीच की वीस टक्के पॉइंट किंवा चार सेगमेंट कतारवर हवेत, ते भारताच्या एका ट्रिपमध्ये निघतात. अमेरिकनचा स्वतःचा प्लॅटिनम देशांतर्गत प्रवासात अॅडमिरल्स क्लबमध्ये, म्हणजे अमेरिकनच्या लाउंजमध्ये, जाऊ शकत नाही, पण कतारचं गोल्ड दाखवणाऱ्याला जाता येतं. युनायटेडमध्येही परदेशी स्टार गोल्डवाल्याला आत घेतात आणि घरच्या गोल्डला देशांतर्गत प्रवासात नाही. पण अपग्रेडच्या यादीत कतारवाला नसतो, आणि अमेरिकनची एलिट फोन लाइन अमेरिकनच्याच लोकांसाठी, म्हणजे मी वर ज्या दोन गोष्टींना सगळ्यात जास्त वजन दिलं त्यातली एक हातची जाते. बिझनेस क्लासने भारतात जाणाऱ्याने हा रस्ता घ्यावा, इकॉनॉमीवाल्याने नको. ब्रिटिश एअरवेजचा विचार तर आता सोडूनच द्या, १ एप्रिल २०२५ पासून तिथेही पौंडावर हिशोब आला आणि सिल्व्हरला ७,५०० पॉइंट झाले.

गाडीने डॅलसला जाऊन थेट दोहाचं विमान पकडणारेही आहेत, पाचेक तासांचा रस्ता. तिकीट स्वस्त पडतं आणि एक कनेक्शन वाचतं म्हणून मला हे पटतं. पण एक्सएनए-डॅलस वेगळं तिकीट काढून पुढे कतारचं वेगळं तिकीट, हे मात्र कृपा करून करू नका. पहिलं विमान उशिरा आलं तर दुसऱ्या तिकिटावर तुम्ही नुसते आला नाहीत एवढाच अर्थ होतो आणि कुठलंही स्टेटस तिथे हक्काने मदत करत नाही.

तर मी काय करेन? कंपनीच्या पैशाने सतत फिरत असतो तर युनायटेड ठेवलं असतं. वर्षाला ऑफिसच्या काही फेऱ्या, भारताची एक ट्रिप आणि घरखर्च कार्डावर, अशा कुटुंबाला अमेरिकन सांगेन. आणि वर्षाला दोन-तीनच फेऱ्या होत असतील तर स्टेटसच्या मागे लागूच नका, सरळ सगळ्यात आधी पोचवणारं आणि कनेक्शनला दोन तास ठेवणारं तिकीट घ्या. एअरलाइन बदलायची ठरली तर स्टेटस मॅच किंवा चॅलेंज, म्हणजे जुन्या स्टेटसच्या जोरावर नव्या एअरलाइनचं स्टेटस, जुनं स्टेटस चालू असतानाच मागा, युनायटेडचं स्टेटस ३१ जानेवारीला संपतं, आणि मॅच मिळाल्यावरच्या तीन-चार महिन्यांत ठराविक प्रवास करून दाखवावा लागतो, त्यामुळे ऑफिसच्या फेऱ्या ज्या महिन्यांत जास्त आहेत ते आधी बघून मगच अर्ज टाका.