चिठ्ठ्या की तक्ता? मुलाखतींवरून निष्कर्ष काढण्याआधी

मुलाखती घेताना फारसं कुणी अडकत नाही. खरा घोळ सुरू होतो तो ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे मुलाखतीतलं बोलणं शब्दशः, टाइप करून झाल्यावर. चारशे पानं समोर असतात, गाईड विचारत असतात ‘निघालं काय यातून?’, आणि आपण पुन्हा पहिल्या मुलाखतीपासून वाचायला घेतो, कारण दुसरं काही सुचत नाही.

या टप्प्यावर आलेल्या तिघाचौघांनी गेल्या वर्षभरात मला एकच प्रश्न विचारला: विश्लेषणाच्या तीन पद्धतींपैकी थीमॅटिक करू, फ्रेमवर्क करू की ग्राउंडेड थिअरी? दरवेळी फोनवर अर्धा तास जातो, म्हणून एकदाचं लिहून ठेवतो. कोडिंग म्हणजे बोलण्याच्या तुकड्यांना नावं देणं आणि थीम म्हणजे त्यातून बांधलेलं मोठं सूत्र, एवढं धरून चालतो.

आधी माझ्याकडे काय होतं ते सांगतो, कारण निवड त्यावरच ठरते. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोडीला जाणाऱ्या २४ आयांच्या मुलाखती. प्रश्न एकच: हंगामाला निघताना मुलांना सोबत न्यायचं की गावी ठेवायचं, हे घरात ठरतं कसं? गावी म्हणजे आजीकडे, नाहीतर शाळेच्या हंगामी वसतिगृहात. मुलाखती मराठीत, म्हणजे तिकडच्या मराठीत, आणि ट्रान्सक्रिप्टही तसेच ठेवलेले.

ग्राउंडेड थिअरी आधीच बाजूला काढतो. तिच्याबद्दल आदर आहे. ग्लेझर आणि स्ट्रॉस या समाजशास्त्रज्ञांनी १९६७ साली ती मांडली, ती रुग्णालयांत मरणाच्या वाटेवर असलेल्या रुग्णांभोवती काय घडतं हे प्रत्यक्ष बघून झाल्यावर, हवेतून नाही. पण तिचा गाभाच असा की माहिती गोळा करणं आणि तिचं विश्लेषण सोबतच चालतं. चार मुलाखती घ्यायच्या, त्या फोडायच्या, त्यातून शंका निघाली की त्या शंकेवर बोलू शकेल असं पाचवं माणूस शोधायला निघायचं. मला ते कुठून जमणार? दसरा-दिवाळीला टोळ्या गाव सोडतात. मला शंका सुचेपर्यंत बाई कुठल्यातरी कारखान्याच्या फडात, आणि गाठ पडायची ती पट्टा पडल्यावर, म्हणजे हंगाम संपल्यावर, मार्च-एप्रिलात. तुमचे लोक एका जागी असतील आणि हाताशी दोन वर्षं असतील तर जरूर करा. (फक्त कोणत्या घराण्याची ते आधी ठरवा. १९९० मध्ये स्ट्रॉस आणि कॉर्बिन यांनी पायऱ्या आखून दिल्या, तर १९९२ मध्ये ग्लेझरनी ‘ही ती नव्हेच’ म्हणून जाहीर विरोध केला. परीक्षक कुठल्या बाजूचे निघतील सांगता येत नाही.) सगळ्या मुलाखती संपवून ‘आता ग्राउंडेड थिअरी लावतो’ म्हणणारे प्रबंध मी पाहिले आहेत. भात शिजल्यावर तांदूळ निवडायला बसल्यासारखं ते वाटतं.

राहिले दोन. थीमॅटिक विश्लेषण आणि फ्रेमवर्क, म्हणजे चिठ्ठ्या आणि तक्ता.

पहिल्यांदा मी थीमॅटिकच केलं. ब्रॉन आणि क्लार्क यांचा २००६ चा लेख आणि त्यातल्या सहा पायऱ्या आमच्याकडे सगळ्यांना तोंडपाठ असतात, मलाही होत्या. ट्रान्सक्रिप्टच्या प्रिंट काढल्या, कोड दिले, कात्रीने कापून चिठ्ठ्या केल्या आणि खोलीभर जमिनीवर मांडल्या. पंखा बंद ठेवून, कारण चालू केला की विश्लेषण उडून जायचं. आठ-दहा दिवसांत ढीग तयार झाले: ‘उचल’ (आगाऊ घेतलेले पैसे), ‘शाळा बुडणं’, ‘कोपीतलं राहणं’ (कोपी म्हणजे झोपडी), ‘सासूचा शब्द’, ‘सुरक्षितता’. सुरक्षिततेचा ढीग सगळ्यात जाड.

या पद्धतीचं सुख खरं आहे. बोलण्यातल्या बारकाव्यांना तुम्ही इतके जवळ जाता की बायकांचे आवाज झोपेत ऐकू येतात. आधी ध्यानीमनी नसलेली गोष्ट हाताला लागते. ‘कोपीत वारं शिरतंय, पण लेकरू डोळ्यापुढं ऱ्हातंय’ हे वाक्य मी पाच ढिगांतून फिरवलं आणि शेवटी त्याच्यासाठी वेगळा ढीग केला. तक्ता करत असतो तर बहुधा ‘सोबत नेण्याचं कारण’ या रकान्यात ते चेपून बसवलं असतं. दुसरं म्हणजे थीम मातीत पुरलेली असते आणि आपोआप ‘उगवते’ असं समजू नका, ती तुम्हीच घडवता, हे ब्रॉन-क्लार्क यांनी जितकं ठणकावून सांगितलंय तितकं क्वचितच कुणी सांगतं. हे प्रामाणिक आहे. फक्त तुमची समिती ‘दोन कोडर्सचं जुळलं किती टक्के?’ विचारणारी असेल तर त्यांच्या लेखांत तुम्हाला आधार मिळणार नाही. त्या दोघींना तो प्रश्नच आपल्या पद्धतीला गैरलागू वाटतो.

तर जाड ढिगावरून मी निष्कर्ष लिहिला: सुरक्षिततेच्या काळजीपोटी आया वयात आलेल्या मुलींना सोबत नेतात. वाचायला बरा वाटतो. कुणालाही पटतो. मलाही पटला होता, आणि तिथेच सावध व्हायला हवं होतं.

विभागातल्या सादरीकरणात हा निष्कर्ष मी एका वाक्यासकट पडद्यावर दाखवला: ‘वयात आलेली पोर कुणाच्या भरवशावर सोडायची?’ मागच्या रांगेत एक निवृत्त प्राध्यापिका बसल्या होत्या. त्यांनी अगदी साधं विचारलं, “हे बोलणाऱ्या बाईनं पोरीला नेलं होतं का ठेवलं होतं?”

मला सांगता येईना. चिठ्ठीवर ‘मु-७, ओळ २१२’ एवढंच लिहिलेलं. मु-७ म्हणजे कोण, तिच्या घरी कोण कोण, तिने शेवटी काय केलं, हे सगळं त्या वाक्यापासून मीच कात्रीने तोडून टाकलं होतं. खोलीवर येऊन ट्रान्सक्रिप्ट काढला. तिने मुलीला आजीकडे ठेवलं होतं. ते वाक्य नेण्याचं कारण नव्हतंच. मागे सोडून आलेल्या आईचा जीव लागत नव्हता, त्याचं ते बोलणं होतं.

माझा कौल ठरला तो या एका त्रासावर. चिठ्ठीवरून माणसाकडे परत जाणं. दर वेळी गठ्ठा काढा, क्रमांक शोधा, तीस पानं चाळा, पुन्हा ठेवा. शंभर चिठ्ठ्यांना हे कुणी करत नाही. मी तरी केलं नाही. कंटाळा हे पद्धतीच्या प्रकरणात लिहिण्यासारखं कारण नाही हे कळतं, पण निम्मे चुकीचे निष्कर्ष कंटाळ्यातूनच येत असावेत असा माझा संशय आहे.

इथे सॉफ्टवेअरवाले म्हणतील, आमच्याकडे एका क्लिकवर मूळ मुलाखत उघडते. उघडते, खरंय. एनव्हिवो या सॉफ्टवेअरमध्ये तर फ्रेमवर्कचा तक्ता करायचीही सोय आहे. पण जाता येणं वेगळं आणि जावंच लागणं वेगळं. पडद्यावर एका कोडखालची सगळी वाक्यं सलग ओळीने येतात तेव्हा ती चोवीस बायकांची न वाटता एकाच बाईची वाटायला लागतात, हा माझा अनुभव. तुमची सवय चांगली असेल तर तुम्हाला हा त्रास होणारही नाही.

मग फ्रेमवर्क. रिची आणि स्पेन्सर यांनी १९८० च्या दशकात ब्रिटनमध्ये धोरणविषयक संशोधनासाठी ही पद्धत बांधली; आता आरोग्याच्या अभ्यासांत ती सर्रास दिसते. कोडिंग इथेही आहेच. फरक त्यापुढचा: प्रत्येक माणसाला एक आडवी ओळ, प्रत्येक मुद्द्याला एक उभा रकाना, आणि चौकोनात त्या माणसाचं त्या मुद्द्यावरचं म्हणणं तुमच्या शब्दांत दोन-तीन ओळींत, सोबत ट्रान्सक्रिप्टमधली ओळ. एखादा शब्द तिचाच हवा असेल तर अवतरणात.

मी एक्सेलमध्ये केला आणि ए-३ कागदांवर छापून भिंतीला चिकटवला. रकाने असे: घरी मागे थांबणारं मोठं माणूस, मुलांची वयं, उचल कितपत फिटायची, गेल्या हंगामाला काय केलं, यंदा काय ठरलं, वसतिगृहाबद्दल काय म्हणते, सुरक्षिततेबद्दल काय म्हणते. भरायला तीन आठवडे लागले. फार कंटाळवाणं काम, खोटं कशाला बोलू.

पण भिंतीसमोर उभं राहून आडवं वाचायला लागलो आणि चित्रच पालटलं. सुरक्षिततेच्या रकान्यात सगळ्यात गच्च भरलेले चौकोन होते ते बहुतेक मुलींना गावी ठेवणाऱ्या आयांचे. ज्या आया मुलींना सोबत नेत होत्या त्यांच्या ओळीत तो चौकोन जवळजवळ कोरा, आणि भरलेलं होतं ते दुसरंच: घरी सासू नाही, पदरात दीड वर्षाचं धाकटं, पहाटे नवरा-बायको दोघं फडावर गेल्यावर कोपीत त्याच्याजवळ कोण? ‘ती भाकरी टाकती, बारक्याला बघती, म्हणून कोयता चालतो आमचा,’ असं एकीने सरळ सांगितलं होतं. ही चिठ्ठी माझ्याकडे आधीही होती. ‘मुलींचं काम’ नावाच्या एका बारक्या ढिगात पडून होती.

म्हणजे ज्यावर बायका जास्त बोलल्या त्यावर निर्णय ठरला नव्हता. बोलणं काळजीचं होतं, निर्णय माणूसबळाचा. उभं वाचून हे दिसलं नसतं, कारण रकाना तुम्हाला कोण काय म्हणालं एवढंच सांगतो. ओळ सांगते की असं म्हणणाऱ्याने केलं काय. चिठ्ठ्यांच्या ढिगात फक्त रकाने असतात.

आता तक्त्याची खोडही सांगायला हवी. मोकळा चौकोन बघवत नाही, तो भरावासा वाटतो, आणि भरताना माणूस बाईच्या तोंडी नसलेलं लिहून जातो. मोकळ्या चौकोनाचे तीन अर्थ असतात: मी विचारलंच नाही, विचारलं पण ती बोलली नाही, किंवा तिला तो प्रश्न लागूच नाही. मी तिन्हींना वेगळ्या खुणा केल्या: टिंब, फुली आणि आडवी रेघ. टिंबंच जास्त निघाली. वसतिगृहाबद्दल पहिल्या सहा मुलाखतींत मी विचारलंच नव्हतं, हे मला तक्त्याने दाखवलं. ढिगाने कधीच दाखवलं नसतं, कारण जे बोललंच गेलं नाही त्याची चिठ्ठी होत नाही.

दुसरी खोड मोजण्याची. ओळी समोर दिसल्या की ‘२४ पैकी इतक्या’ असं लिहायचा मोह होतो, आणि पुढच्याच वाक्यात त्याची टक्केवारी होते. या २४ बायका मी ओळखीपाळखीतून, वेगवेगळ्या परिस्थितीतल्या मुद्दाम निवडलेल्या. त्यांची टक्केवारी म्हणजे ऊसतोड मजुरांची टक्केवारी नव्हे. मी अहवालात ‘बहुतेक’, ‘काही’, ‘एकच’ एवढ्यावर भागवलं. गाईडना ते ढिसाळ वाटलं. असेल.

आणि आवाज जातो, हे मान्यच. चौकोनातल्या माझ्या दोन ओळी वाचून त्या बाईचा हेल आठवत नाही. म्हणून तुमच्याकडे सहाच मुलाखती असतील पण एकेक तीन-तीन तासांची, किंवा प्रश्नच ‘आई होणं म्हणजे त्यांना काय वाटतं’ अशा वळणाचा असेल, तर तक्त्याच्या नादाला लागू नका. थीमॅटिकच बरं, शिवाय मुलाखती थोड्या असल्याने प्रत्येक माणूस डोक्यात राहतोच. लोकांनी काय केलं, का केलं, कुणी वेगळं केलं असा प्रश्न असेल आणि मुलाखती पंधरा-वीसच्या पुढे असतील, तर मी तरी तक्त्याकडेच जाईन. साठच्या पुढे गेलात तर भिंत पुरणार नाही, एवढं लक्षात ठेवा.

दोन्ही करता येतात का, असंही विचारतात. येतात. मी आता करतो ते साधारण तसंच: पहिल्या चार-पाच मुलाखती चिठ्ठ्यांनी फोडायच्या, तिथून रकाने कोणते ते ठरवायचं, मग कात्री ठेवून द्यायची. रकाने आठ-नऊच्या वर नेऊ नका, नाहीतर अक्षर इतकं बारीक होतं की आडवं वाचायलाच नको वाटतं. उजवीकडे शेवटी एक रकाना मात्र बिननावाचा सोडा, कुठेच न बसणाऱ्या गोष्टींसाठी. निष्कर्ष लिहायला बसाल तेव्हा आधी तो वाचा.

माझ्या त्या रकान्यात मु-१९ आहे. घरी सासू नाही, धाकटं मूल आहे, म्हणजे माझ्या निष्कर्षाप्रमाणे तिने थोरलीला सोबत न्यायला हवं होतं. तिने गावीच ठेवली, एकटी, चुलत्याच्या घराच्या भरवशावर. सुरक्षिततेबद्दल ती अवाक्षर बोलली नाही. मुलाखतीत दोनदा शेळीचा विषय काढला आणि दोन्ही वेळा मी पुढचा प्रश्न विचारला. तिच्यामुळे अहवालातल्या वाक्यात मी ‘ठरतो’ खोडून ‘ठरताना दिसतो’ केलं. चौकोनात पेन्सिलीने लिहिलेलं अजून तसंच आहे: ‘शेळी कुणाकडे?’