त्रिकोणी विकास सहकार्य: प्रोसवाना आणि इब्सा निधी या दोन वाटांची तुलना

शेती, पाणी, आरोग्य किंवा कौशल्यशिक्षणात काम करणाऱ्या भारतीय संस्थेपुढे आफ्रिकेतील एखाद्या देशासाठी त्रिकोणी प्रकल्पात सहभागी होण्याचा प्रस्ताव आला, तर पहिला निर्णय प्रकल्पाच्या रचनेविषयी घ्यावा लागतो. एक विकसनशील देश आपला अनुभव देतो, दुसरा तो आपल्या गरजेप्रमाणे स्वीकारतो आणि पैसा वा समन्वय तिसरा पक्ष, म्हणजे श्रीमंत देश किंवा संयुक्त राष्ट्रांची यंत्रणा, पाहतो, एवढे सूत्र सगळीकडे सारखे असते. १९७८ च्या ब्युनोस आयर्स कृती आराखड्याने विकसनशील देशांमधील तांत्रिक सहकार्याचा पाया घातला आणि २०१९ मध्ये त्याच शहरात भरलेल्या परिषदेने त्रिकोणी सहकार्यालाही ठळक स्थान दिले. मात्र या एकाच सूत्रातून अगदी भिन्न परिणाम निघू शकतात, हे पुढील दोन उदाहरणांवरून दिसते.

पहिले उदाहरण जपान, ब्राझील आणि मोझांबिक यांच्या प्रोसवाना कार्यक्रमाचे. जपानच्या मदतीने ब्राझीलने १९७९ पासून सेराडो या गवताळ प्रदेशात सोयाबीनची मोठी शेती उभी केली होती. तोच अनुभव उत्तर मोझांबिकच्या नाकाला पट्ट्यात नेण्याचा करार २००९ मध्ये झाला. जपानची मदतसंस्था जायका, ब्राझीलची सहकार्य संस्था आणि एम्ब्रापा ही कृषी संशोधन संस्था असे तोलामोलाचे भागीदार त्यात होते आणि सुमारे १ कोटी ४० लाख हेक्टरचा प्रदेश विचारात घेतला गेला. दोन्हीकडचे हवामान व माती यांत साम्य दिसत असले, तरी नाकाला पट्टा लहान शेतकऱ्यांनी कसलेला, दाट वस्तीचा भाग आहे, आणि माझ्या मते हाच फरक नियोजनात सर्वांत कमी तोलला गेला. मोझांबिकमध्ये जमीन राज्याच्या मालकीची असली तरी १९९७ च्या कायद्याने वहिवाटीने कसणाऱ्यांचा वापरहक्क मान्य केला आहे. मोठ्या गुंतवणुकीपुढे तो हक्क टिकेल का, हा प्रश्न शेतकऱ्यांच्या दृष्टीने जगण्याचाच होता. उनाक या राष्ट्रीय शेतकरी संघटनेने २०१२ मध्ये जाहीर विरोध नोंदवला, कार्यक्रमाच्या महायोजनेचा, म्हणजे संपूर्ण आराखड्याचा, मसुदा २०१३ मध्ये बाहेर फुटला आणि त्याच वर्षी तिन्ही देशांच्या प्रमुखांना खुले पत्र गेले. मसुद्यावरच्या जाहीर सुनावण्या २०१५ मध्ये झाल्या, म्हणजे अविश्वास पुरता घट्ट झाल्यावर, आणि २०२० मध्ये कार्यक्रम संपवण्यात आला. माती, बियाणे आणि कृषी विस्तार यांवरील कामाचा उपयोग नाकारता येत नाही, पण तेही महायोजनेच्या वादाखाली झाकले गेले, याचे वाईट वाटते.

दुसरी वाट इब्सा निधीची. भारत, ब्राझील आणि दक्षिण आफ्रिका यांनी २००४ मध्ये स्थापलेल्या या निधीत प्रत्येक देश वर्षाला १० लाख डॉलर देतो आणि त्याचे व्यवस्थापन संयुक्त राष्ट्रांचे दक्षिण-दक्षिण सहकार्य कार्यालय पाहते. मागणी मदत घेणाऱ्या देशाच्या सरकारकडून यावी लागते आणि तिघांचे न्यूयॉर्कमधील प्रतिनिधी एकत्र निर्णय घेतात. गिनी-बिसाऊत शेती आणि पशुपालनाला आधार देणारा प्रकल्प किंवा हैतीच्या राजधानीतील कारफूर-फॉय वस्तीत कचरा गोळा करून त्यातील कागदापासून स्वयंपाकाचे इंधन बनवण्याचा प्रकल्प, अशी कामे आवाक्यातली होती आणि त्यांच्यासाठी कोणाची जमीन मोकळी करावी लागली नाही.

दोन्ही शेजारी ठेवली, तर पैशाच्या आणि पल्ल्याच्या बाबतीत प्रोसवानाची वाट निर्विवाद मोठी ठरते. प्रयोगशाळा, दीर्घकालीन संशोधन, बंदरापर्यंतची बाजारव्यवस्था असे काम वार्षिक ३० लाख डॉलरच्या निधीतून उभे राहणार नाही. शिवाय तीन राजधान्या, न्यूयॉर्क, अंमलबजावणी करणारी संस्था आणि यजमान मंत्रालय यांची संमती जुळवताना इब्सा मार्गावर वेळ जातो, आणि निधी आटोपल्यावर देखभालीचा खर्च कोण उचलणार हा प्रश्नही उरतो. त्या मोबदल्यात लहान प्रकल्पातील चूक वेळेत दिसते आणि ती दुरुस्त करण्याइतकी लवचीकता हाती राहते. सरकारची मागणी म्हणजे गावाची मागणी नव्हे, ही मर्यादा मात्र दोन्ही मार्गांना सारखीच लागू आहे.

या दोहोंखेरीज २०१७ मध्ये सुरू झालेला भारत-संयुक्त राष्ट्र विकास भागीदारी निधी आहे, आणि २०२२ च्या भारत-जर्मनी संयुक्त जाहीरनाम्यातून पुढे आलेले प्रकल्पही आहेत, ज्यांत कॅमेरूनमधील बटाटा बियाणे आणि मलावीतील महिलांचे कृषी उद्योग यांचा समावेश होतो.

ज्या संस्थेची खरी ताकद प्रशिक्षणात, बचत गटांच्या बांधणीत किंवा एखाद्या पिकाच्या जाणकारीत आहे, तिने निधीची वाट धरावी, असे माझे स्पष्ट मत आहे. प्रयोगशाळा वा संशोधन केंद्र उभारायचे असेल आणि जमिनीचा वापर बदलणार नसेल, तर दात्या देशासोबतचा मोठा करार करण्यास हरकत नाही. जमिनीचा वापर बदलणार असेल, तर सहीपूर्वी मसुदा त्या भागातील शेतकरी संघटनेला त्यांच्या भाषेत मिळाला आहे का, हे तपासावे. उदाहरणार्थ, नाकाला पट्ट्यातल्या नामपुला प्रांतातील बहुतेक शेतकरी माखुवा बोलतात आणि सरकारी कागद पोर्तुगीजमध्ये असतात. त्यांच्या हरकतींवर मसुदा बदलण्याची तरतूद करारातच नसेल, तर रक्कम कितीही मोठी असली तरी तो प्रस्ताव नाकारावा.