क्लॅट की एमएच सीईटी लॉ? मराठवाड्यातील विद्यार्थ्यांसाठी एक तुलना

लातूर-नांदेडकडे अकरावीत पाऊल ठेवणाऱ्या मुलाच्या घरी नीट आणि जेईईची खडान्‌खडा माहिती असते. विधी शाखेचा विषय मात्र बहुतेक घरांत बारावीच्या निकालानंतर निघतो. तोपर्यंत क्लॅट, म्हणजे राष्ट्रीय विधी विद्यापीठांची देशपातळीवरची प्रवेश परीक्षा, होऊन पाच-सहा महिने उलटलेले असतात आणि एमएच सीईटीच्या, म्हणजे राज्यातील विधी महाविद्यालयांच्या प्रवेश परीक्षेच्या, अर्जाची मुदतही सहसा संपलेली असते. त्यामुळे कोणती परीक्षा द्यायची, हा प्रश्न अकरावीतच सोडवायला हवा.

दोन्ही परीक्षांमध्ये इंग्रजी, सामान्यज्ञान व चालू घडामोडी, कायदेविषयक कल, तर्क आणि प्राथमिक गणित हेच विषय आहेत. दोन्हींत १२० प्रश्न, १२० गुण आणि दोन तास. या साम्यामुळे एकाच पुस्तकावर दोन्ही परीक्षा निघतील, असा समज होतो आणि तोच सर्वाधिक नुकसान करतो, कारण प्रश्न विचारण्याची पद्धत अगदी वेगळी आहे.

एमएच सीईटीत प्रश्न थेट येतो. उच्च न्यायालयाला रिट (विशेष आदेश) काढण्याचा अधिकार संविधानाच्या कोणत्या अनुच्छेदाने मिळतो, असे विचारले, तर ज्याला २२६ हा आकडा ठाऊक आहे तो दहा सेकंदांत पुढे जातो आणि ज्याला ठाऊक नाही त्याने कितीही विचार केला तरी उपयोग नसतो. क्लॅटमध्ये आधी साधारण ४५० शब्दांपर्यंतचा इंग्रजी उतारा येतो. समजा, त्यात असे तत्त्व सांगितले आहे की, स्वतःच्या जमिनीवर साठवलेली धोकादायक गोष्ट निसटून शेजाऱ्याचे नुकसान झाले, तर साठवणाऱ्याची चूक नसली तरी भरपाई त्यानेच द्यायची. मात्र नुकसान तिऱ्हाइताच्या कृत्यामुळे झाले असेल, तर त्याची सुटका होते. पुढे प्रसंग असा की, एका शेतकऱ्याच्या शेततळ्याचा बांध कोणा अनोळखी माणसाने रात्री फोडला आणि शेजारच्या रानातला कापूस वाहून गेला. येथे कायदा पाठ असण्याची गरज नाही. उताऱ्यातील अपवाद नेमका हेरून तो प्रसंगाला लावता आला पाहिजे. उताऱ्याबाहेरचे ज्ञान वापरून उत्तर देणारा हुशार विद्यार्थी येथे हमखास फसतो. एका उताऱ्यावर पाच प्रश्न धरले, तर दोन तासांत सुमारे चोवीस उतारे, म्हणजे एका उताऱ्याला प्रश्नांसकट पाच मिनिटे मिळतात.

म्हणूनच माझ्या मते निवडीचा खरा निकष कायद्याची आवड किंवा दहावीचे गुण हा नसून इंग्रजी वाचनाचा वेग हा आहे. क्लॅटची प्रश्नपत्रिका केवळ इंग्रजीत असते. एमएच सीईटीत इंग्रजीचा विभाग सोडला, तर प्रश्न मराठीतही उपलब्ध असतात. जिल्हा परिषदेच्या शाळेतून आलेल्या मुलीला अकरावीच्या सुरुवातीला इंग्रजी दैनिकाचा एक अग्रलेख नीट समजून घेण्यास वीस मिनिटे लागत असतील, तर तिने घाबरून क्लॅट सोडण्याचे कारण नाही. रोज दोन अग्रलेख आणि प्रत्येकाचा तीन ओळींत गोषवारा, हा नेम वर्षभर पाळला तर वेग वाढतो. परंतु बारावीच्या दिवाळीतही तीच स्थिती असेल, तर उरलेला वेळ एमएच सीईटीला देणे शहाणपणाचे आहे, आणि त्यात कमीपणा मानण्यासारखे काहीही नाही. इंग्रजीची गरज तेवढ्याने संपत नाही, हेही सांगायला हवे: तालुका-जिल्हा न्यायालयांत मराठी चालते, मात्र छत्रपती संभाजीनगरच्या खंडपीठाचे कामकाज इंग्रजीत होते.

क्लॅटमध्ये चुकीच्या उत्तराला पाव गुण कापला जातो. एमएच सीईटीत काहीच कापले जात नाही. एमएच सीईटीत एकही प्रश्न कोरा सोडू नये, हे उघड आहे. क्लॅटमध्ये चार पर्यायांतून डोळे झाकून वीस उत्तरे दिली, तर सरासरीने पाच बरोबर येतील आणि पंधरा चुकांचे पावणेचार गुण जातील. हाती उरतो सव्वा गुण, त्यामुळे अंदाज दोन पर्यायांपर्यंत आल्यावरच बांधावा.

वेळापत्रकाचा मुद्दा कमी बोलला जातो. क्लॅट गेली काही वर्षे डिसेंबरमध्ये होते. बारावीच्या प्रात्यक्षिक आणि सराव परीक्षांच्या ऐन तोंडावर. एमएच सीईटी बोर्डाच्या परीक्षेनंतर, साधारण एप्रिल-मेमध्ये येते. ज्यांना दोन्ही द्यायच्या आहेत त्यांनी डिसेंबरपर्यंत क्लॅटची तयारी करावी आणि बोर्ड संपल्यावर संविधानाचे अनुच्छेद, कायद्यातील संज्ञा व स्थिर सामान्यज्ञान यांवर बसावे. क्लॅटची तयारी एमएच सीईटीला बऱ्याच अंशी उपयोगी पडते; उलट मात्र होत नाही.

परीक्षेमागे उभ्या असलेल्या संस्थाही पाहिल्या पाहिजेत. २०१७ साली सुरू झालेले छत्रपती संभाजीनगरचे महाराष्ट्र राष्ट्रीय विधी विद्यापीठ आपल्याच विभागात असले, तरी तेथे पदवी प्रवेश क्लॅटमधूनच मिळतो आणि राज्यातील रहिवाशांसाठी तेथे राखीव जागा आहेत. एमएच सीईटी देऊन या विद्यापीठात जाता येईल, असे समजणारे पालक अजूनही भेटतात. एमएच सीईटीतून मुंबईचे शासकीय विधी महाविद्यालय, पुण्याचे आयएलएस, तसेच संभाजीनगर, लातूर, नांदेड येथील विधी महाविद्यालये खुली होतात. खर्चातील फरक मोठा आहे. राष्ट्रीय विधी विद्यापीठांत वसतिगृहासह वर्षाचा खर्च दोन लाखांच्या पुढे जातो, तर मुंबईच्या शासकीय महाविद्यालयाचे शुल्क काही हजारांत आहे. क्लॅटचा अर्जच खुल्या प्रवर्गाला अलीकडे ४,००० रुपयांना पडतो. कोरडवाहू शेतीवर चालणाऱ्या घराने हा हिशेब आधीच मांडावा. शैक्षणिक कर्जावर अडीच-तीन लाखांचे वर्ष काढणारे विद्यार्थी आहेत, पण तो निर्णय प्रवेशाच्या आठवड्यात घाईने होऊ नये.

शिकवणीबाबत मराठवाड्यातील विद्यार्थ्यांची अडचण खरी आहे: नीटसाठी गल्लोगल्ली वर्ग आहेत, क्लॅटसाठी फारसे नाहीत. क्लॅटच्या मागील प्रश्नपत्रिका ही परीक्षा घेणाऱ्या कॉन्सॉर्शियमच्या, म्हणजे राष्ट्रीय विधी विद्यापीठांच्या संघाच्या, संकेतस्थळावर मोफत मिळतात. पुण्याला जाऊन महागडा वर्ग लावण्यापूर्वी त्यांतील दोन घड्याळ लावून सोडवाव्यात. वंचित घटकांतील विद्यार्थ्यांना क्लॅटसाठी घडवणारी ‘आयडिया’ ही २०१० मध्ये प्रा. शमनाद बशीर यांनी सुरू केलेली संस्थाही आहे. एमएच सीईटीसाठी अकरावी-बारावीचे राज्यशास्त्र, एक चांगले दैनिक आणि संगणकावर सराव चाचण्या पुरेशा ठरतात. ही परीक्षा संगणकावर होते, तर क्लॅट कागदावर, त्यामुळे ज्याने कधी माऊस हातात धरलेला नाही त्याने परीक्षेपूर्वी काही तास तरी सायबर कॅफेत बसावे.

दोन्ही संधी हुकल्या, तर पदवीनंतरचा तीन वर्षांचा एलएलबी अभ्यासक्रम आहेच. त्यासाठीची एमएच सीईटी स्वतंत्र असते आणि तिच्यात गणित नाही. मात्र कोणत्याही मार्गाने जाताना जातवैधता, नॉन-क्रीमी लेयर आणि अधिवासाची प्रमाणपत्रे बारावीच्या आधीच तहसील व जिल्हा कार्यालयांतून काढून ठेवावीत, कारण कॅप (राज्याच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या) फेरीत ती वेळेत सादर न झाल्यास राखीव जागेवरचा हक्क गमवावा लागतो.